शिडाच्या बोटीवर राहून रिमोट जॉब: आयोनियन समुद्रातला अनुभव आणि प्रश्नोत्तरं

शिडवाली

नमस्कार मंडळी,

गावाला राहून वर्क फ्रॉम होम करणाऱ्यांच्या धाग्यावर मी सहज लिहिलं होतं की आम्ही बोटीवर राहून नोकरी करतो, त्यावर इतके व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले की प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते, पुढे कुणाला विचार करायचा असेल तर एका जागी सापडेल.

तर मी आणि नवरा, ग्रीसच्या पश्चिमेला आयोनियन समुद्रात, ३८ फुटी शिडाची बोट. लेफ्काडा, मेगानिसी, इथाका, केफालोनिया ही बेटं आणि समोर मुख्य भूमीवर प्रेवेझा, एवढाच आमचा वावर. जगप्रदक्षिणा वगैरे काही नाही. दोघंही आयटीत, त्याची टीम पुण्यात, माझी इंग्लंडमध्ये. बोट जुनी आहे, आधी टूरिस्टांना भाड्याने द्यायचे त्यातली.

जवळजवळ सगळे व्यनि इंटरनेट आणि सोलरबद्दल होते. त्यावर खाली लिहितेच, पण खरं सांगू का, नेट आणि वीज हे पैसे टाकून सुटणारे प्रश्न आहेत. न सुटणारा प्रश्न कॅलेंडरचा. नोकरी म्हणते मंगळवारी साडेदहाला डेमो, आणि अंदाज म्हणतो मंगळवारी दुपारी वारा दक्षिणेला फिरणार, म्हणजे आत्ता जिथे उभे आहोत ती खाडी उघडी पडणार, तर सकाळीच हला. अशा वेळी डेमो हलतो, वारा हलत नाही. हे ज्यांच्या नोकरीत शक्य नाही त्यांनी बोट जरूर घ्यावी पण सुट्टीसाठी घ्यावी, असं माझं अगदी स्पष्ट मत आहे. समुद्रावरचे बहुतेक वाईट प्रसंग 'सोमवारी पोचायलाच हवं' म्हणून रविवारी नको त्या वाऱ्यात निघालेल्या लोकांचे असतात.

आमचा एकच नियम आहे, कामाच्या दिवशी बोट हलवायची नाही. हलवायची वेळ आलीच तर काम संपल्यावर आणि अंधार पडायच्या आत नांगर पडेल एवढंच अंतर. लांबचा पल्ला शनिवार-रविवारी, आणि अंदाज खराब असेल तर तोही नाही. कधीकधी सलग दोन-तीन आठवडे एकाच खाडीत काढलेत.

विचारा काय विचारायचं ते.

निलेश_हिंजवडी

वाखुसा (वाचनखूण साठवली)! ताई, जबरी धागा. माझे प्रश्न अर्थातच तेच :) नेट किती भरवशाचं, दिवसभर दोन लॅपटॉप चालवायला बॅटरी किती लागते, आणि व्हिडिओ कॉलवर बोट हलताना दिसत नाही का?

आणि एक, यूट्यूबवर सगळे लोक दुपारी पोहताना दिसतात, काम नक्की कधी करतात?

शिडवाली

@निलेश, शेवटच्यापासून सुरू करते कारण आयोनियन निवडायचं कारणच ते आहे. इथे उन्हाळ्यात वाऱ्याचं वेळापत्रक असतं. सकाळी समुद्र सपाट, वारा जवळपास शून्य. बारा-एकच्या पुढे वायव्येकडून वारा सुरू होतो, त्याला इथे माईस्ट्रो म्हणतात, तो दुपारभर वाढत पंधरा-वीस नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) जातो आणि सूर्य मावळताना पडतो. एजियन समुद्रात, म्हणजे सँटोरिनी-मिकोनोसच्या बाजूला, जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसचे दिवस थांबत नाही, तीस नॉट सहज. तिथे बोटीवर बसून आठ तास काम करणं फार कष्टाचं.

आता घड्याळ. उन्हाळ्यात भारत ग्रीसच्या अडीच तास पुढे. नवऱ्याचा पुण्यातला दहाचा स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) इथे सकाळी साडेसातला, आणि पुण्यात साडेसहा वाजतात तेव्हा इथे चार. इंग्लंड दोन तास मागे, म्हणून मी माझ्या मॅनेजरशी आधीच बोलून सात ते तीन अशी तिकडची वेळ घेतली, म्हणजे इकडची नऊ ते पाच. जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. पाचला लॅपटॉप बंद केला तरी हातात चार तास उजेड आणि चांगला वारा असतो, आठ-दहा सागरी मैलांवरची पुढची खाडी दोन तासांत गाठता येते. सकाळच्या सपाट पाण्यात काम, संध्याकाळी वाऱ्यात शीड. अमेरिकेची शिफ्ट असेल तर हेच गणित पार उलटं होतं, ऐन संध्याकाळी कॉल सुरू.

नेट: स्टारलिंक मिनी, म्हणजे उपग्रहावरून नेट देणारी छोटी अँटेना, आणि त्याच्या जोडीला फोनचं स्थानिक सिमकार्ड. दोन्ही हवीतच. लक्षात घ्या, वाऱ्यापासून सगळ्यात चांगला आडोसा ज्या खाडीत, तिथे तिन्ही बाजूंनी उंच डोंगर असतात आणि तेच डोंगर मोबाईलची रेंज अडवतात. म्हणजे बोट सुरक्षित तिथे फोन मेलेला. स्टारलिंक आकाशाकडे बघतं म्हणून चालतं, तरी नांगरावर बोट सतत फिरते, मग मधेच डोलकाठी आडवी येते आणि एखादा सेकंद आवाज तुटतो. मी अँटेना मागच्या बाजूला कमानीवर लावलाय, तिथे हा त्रास कमी.

व्हिडिओमध्ये बोट हलताना दिसत नाही कारण कॅमेरा आणि मी एकत्रच हलतो. मागची खिडकी फ्रेममध्ये असेल तर क्षितिज वरखाली होतं आणि समोरच्याला मळमळतं, म्हणून खिडकीकडे पाठ करायची नाही.

चालत्या बोटीत आत बसून स्क्रीनकडे मात्र कुणीही बघू नये. डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, कानातला तोल सांगतो हलतंय, आणि बहुतेकांना थोड्याच वेळात बोट लागते. पट्टीचे खलाशीसुद्धा यातून सुटतातच असं नाही.

विजेचं उद्या, जेवायला हाका येतायत.

मनीमाऊ

काय सुंदर लिहिताय! पण मला भीतीच वाटली. ते किलर व्हेल बोटींची सुकाणू तोडतात ते व्हिडिओ बघितले होते, ते तिकडचेच ना?

शिडवाली

@मनीमाऊ, नाही गं. ते किलर व्हेल, म्हणजे ओर्का, स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्याला आणि जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत, २०२० पासून तिथे सुकाणूला धडका देतायत, काही बोटी बुडाल्याही. आमच्या इथून ती जागा भूमध्य समुद्राच्या दुसऱ्या टोकाला. आमच्याकडे भीती असते ती वादळाची. सप्टेंबर २०२० मध्ये इयानोस नावाचं चक्रीवादळासारखं वादळ याच बेटांवर आलं होतं, इथाका-केफालोनियात कितीतरी बोटी बुडाल्या, किनाऱ्यावर फेकल्या गेल्या. त्या वेळी आम्ही इथे नव्हतो, पण बंदरात त्यातून वाचलेले लोक अजून बोलतात. म्हणून सप्टेंबर लागला की आम्ही अंदाज दिवसातून दोनदा बघतो आणि पळायची जागा आधीच ठरवून ठेवतो.

आता वीज. आमचा रोजचा हिशोब १२ व्होल्टच्या अँपिअर-अवरमध्ये: दोन लॅपटॉप मिळून साधारण ६५, फ्रिज ५०, स्टारलिंक मिनी दिवसभर चालवलं तर ३०-३५, उरलेलं दिवे, पाण्याचा पंप, फोन, नांगराचा अलार्म (बोट जागची सरकली तर वाजतो तो). म्हणजे १६०-१७०. आमच्याकडे ४०० अँपिअर-अवरच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि ६०० वॉटचे सोलर पॅनेल आहेत. जून-जुलैत दुपारपर्यंत बॅटरी भरते. ऑक्टोबरमध्ये दिवस लहान, ढग, तेव्हा इंजिन चालवावं लागतं किंवा बंदरात जाऊन प्लग लावायचा.

दोन गोष्टी नवीन माणसाला कुणी सांगत नाही. एक, लॅपटॉप इन्व्हर्टरवर लावू नका. १२ चं २३० करायचं आणि चार्जरने परत २० करायचं, दोन्हीकडे वीज फुकट जाते. थेट १२ व्होल्टवर चालणारा १०० वॉटचा यूएसबी-सी चार्जर लावा. दुसरं, जुनी लेड-ॲसिड काढून लिथियम टाकताना इंजिनाचा अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) थेट त्याला जोडू नका. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट खेचत राहते, अल्टरनेटर सतत पूर्ण ताकदीवर चालून तापतो आणि जळतो. मधे करंट मर्यादेत ठेवणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवा. हे काम करणारा इलेक्ट्रिशियन लिथियमचं काम केलेलाच बघा.

करंजेकर

शिडवाली ताई, वाचून छाती फुगली. माझे बाबा नाखवा, आता वय झालं, मी जहाजांच्या कंटेनरच्या कंपनीत नोकरी करतो पण सुट्टीला अजून बोटीवर जातो. मला सांगा नांगर किती किलो आणि साखळी किती सोडता? आमच्याकडे तळ म्हणजे चिखल, तुमच्याकडे काय?

आणि लोकांसाठी सांगतो, नांगर बोट धरतो तो स्वतःच्या वजनाने नाही. त्याचं टोक तळात रुततं म्हणून. ओढ आडवी आली तर अजून रुतत जातं, ओढ वरून आली की उपटतं. म्हणून साखळी भरपूर सोडायची, तिच्या वजनाने ती तळावर पडून राहते आणि ओढ आडवीच येते. आमचे बाबा म्हणायचे दोर खोक्यात ठेवून काय उपयोग, समुद्राला दे.

शिडवाली

@करंजेकर दादा, तुमचे बाबा म्हणतात ते इथल्या प्रत्येक नवख्या स्किपरला (बोटीच्या कप्तानाला) फळ्यावर लिहून द्यायला हवं. आमचा नांगर २० किलोचा, साखळी १० मिलिमीटर, ६० मीटर. तळ कुठे वाळू, कुठे चिखल, आणि मधेमधे समुद्री गवत, त्या गवतावर नांगर टाकायचाच नाही, धरतही नाही आणि ते गवत संरक्षितही आहे, पाणी काचेसारखं असल्यामुळे वाळूचा पांढरा तुकडा वरून दिसतो तो बघून टाकतो. सहा मीटर पाणी अधिक एक मीटर बोटीची उंची, सात, त्याच्या पाचपट म्हणजे ३५ मीटर साखळी. वारा वाढणार असेल तर ४५-५०. टाकल्यावर इंजिन मागे घेऊन जोर लावून बघायचं, मग मी पाण्यात उतरून मास्क लावून नांगर रुतलाय का ते डोळ्यांनी बघते. हे झाल्याशिवाय लॅपटॉप उघडत नाही.

गेल्या ऑगस्टअखेरचा प्रसंग सांगते म्हणजे कॅलेंडरबद्दल मी का एवढं बोलते ते कळेल. मेगानिसीच्या एका खाडीत होतो, माझा क्लायंटबरोबर रिव्ह्यू चालू, दुपारचे दोन. पश्चिमेकडे लेफ्काडाच्या डोंगरावर काळं जमायला लागलं होतं, म्हणून आम्ही सकाळीच साखळी वाढवून ठेवली होती, सनशेड उतरवून गुंडाळली होती, इंजिनाची किल्ली लावलेली. गडगडाट झाला आणि पाच मिनिटांत वारा पाचवरून पस्तीस नॉटवर. आमची बोट जागची हलली नाही, पण वरच्या बाजूची एक भाड्याची बोट नांगर घसरत सरळ आमच्यावर यायला लागली, त्यावर माणूस नव्हता, सगळे गावात जेवायला गेलेले. मी कॉलवर एवढंच म्हटलं, 'नांगर, जातेय' आणि हेडसेट टाकून वर. नवरा इंजिनावर, मी फेंडर (धक्का झेलणारी फुगीर उशी) घेऊन पुढे. आमची साखळी तिच्या सुकाणूत अडकू नये म्हणून आम्ही बोट एका बाजूला घेतली, ती दोन हातांवरून घासत गेली आणि पलीकडे चिखलात जाऊन टेकली. नंतर तिथल्या दोन बोटींवरच्या लोकांनी डिंगी (छोटी होडी) घेऊन तिला बांधलं. अर्ध्या तासात ऊन.

परत कॉलवर आले तेव्हा माझ्या सहकाऱ्याने माझ्या स्लाइड्स पुढे नेल्या होत्या. कारण हे आधी ठरलेलं होतं. मी नोकरीला लागतानाच मॅनेजरला लिहून दिलंय की वर्षातून क्वचित कधीतरी मी वाक्य अर्धं टाकून उठेन, तेव्हा दुसरं कुणीतरी मीटिंग चालवेल, म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या मीटिंगला माझे मुद्दे आधी पाठवलेले असतात. आणि पुण्याच्या टीमशी त्याचंही तसंच. लपवून बोटीवर राहणारे लोक आहेत, मागे खोट्या ऑफिसचं चित्र लावून. असं करू नका. ज्या दिवशी उठायची वेळ येईल त्या दिवशी तुम्ही एक मिनिट जास्त बसून राहाल, आणि ते एक मिनिट महाग पडतं.

अपर्णा_म

अंगावर काटा आला वाचताना.

मला स्वयंपाक, पाणी, आणि 'ते' सगळं कसं ते सांग ना. मी खूप दिवस विचार करतेय पण नवरा म्हणतो तुला घरात दोन तास पाणी गेलं तर चालत नाही.

शिडवाली

@अपर्णा, पाणी ३५० लिटरची टाकी. दोघांना मिळून रोज २०-२५ लिटर पुरतं, भांडी आधी समुद्राच्या पाण्याने, शेवटचं खळबळणं गोड्या पाण्याने, अंघोळ समुद्रात आणि वर तांब्याभर गोडं पाणी. दुष्काळी भागातलं माझं आजोळ, तिथे उन्हाळ्यात आजी जसं पाणी वापरायची त्यापेक्षा हे सोपंच आहे. दोन आठवड्यांनी धक्क्यावर जाऊन टाकी भरायची. संडासाला पंप असतो आणि त्याची टाकी असते, खाडीत टाकी बंद ठेवायची, खोल समुद्रात लांब गेल्यावर रिकामी करायची. कागद त्यात टाकायचा नाही, कारण तुंबलं की दुरुस्ती आपल्यालाच करायची असते.

स्वयंपाक: बोटीवरची माझी सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे साधा तीन लिटरचा प्रेशर कुकर. गॅस वाचतो, बोटीच्या आत वाफ कोंडत नाही, आणि झाकण घट्ट असल्यामुळे बोट कलली तरी आमटी सांडत नाही. जुने युरोपियन खलाशीसुद्धा कुकर वापरतात. शेगडी झुल्यावर बसवलेली असते, बोट कलली तरी ती सरळ राहते. फक्त कॉलच्या वेळेत शिट्टी नको, म्हणून वरण-भात साडेसहाला लावून टाकते. तूरडाळ, गोडा मसाला, पोहे भारतातून येताना. ताजे बांगड्यासारखे मासे आणि टोमॅटो मात्र इथले, त्याला तोड नाही.

गॅसबद्दल एक गंभीर गोष्ट. एलपीजी हवेपेक्षा जड. घरात गळला तर दारातून बाहेर जाऊ शकतो, बोटीत तो खाली तळाशी साठतो आणि तिथे पंपाची एक ठिणगी पुरे. म्हणून सिलेंडर बाहेरच्या वेगळ्या कप्प्यात, त्या कप्प्याला समुद्राकडे उघडणारं भोक, आणि स्वयंपाक झाला की झडप बंद. जुनी बोट बघायला गेलात तर बेडरूम नंतर बघा, आधी तो कप्पा उघडून ते भोक मोकळं आहे का बघा.

खतावणी

धाग्यावर थोडं रुक्ष लिहितो, पण हे कुणीतरी लिहायलाच हवं. भारतीय पासपोर्ट असेल तर पर्यटक शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तो व्हिसा काम करण्यासाठी नाही. बोट पाण्यात आहे म्हणून तुम्ही देशाबाहेर होत नाही, किनाऱ्याजवळचं पाणी त्या देशाचंच. ग्रीसमध्ये १८३ दिवसांच्या वर राहिलात तर तिथला करनिवासी ठरण्याचा प्रश्न येतो. भारतात किती दिवस होतात त्यावर इथला निवासी की अनिवासी ते ठरतं. आणि कंपनीला न कळवता दुसऱ्या देशातून काम केलंत तर पगार, विमा, डेटा सुरक्षा सगळंच अडचणीत. ताईंनी कुठला मार्ग घेतला?

शिडवाली

@खतावणी, रुक्ष अजिबात नाही, हेच लोक वगळतात. ग्रीसने २०२१ मध्ये डिजिटल नोमॅड व्हिसा आणला, त्यात काम ग्रीसबाहेरच्या कंपनीचं असावं लागतं आणि महिन्याला हातात किमान ३५०० युरो उत्पन्न दाखवावं लागतं, बरोबर जोडीदार असेल तर त्यावर २० टक्के जास्त. आम्ही दोघांनी स्वतंत्र अर्ज केले कारण दोघंही काम करतो. दोन्ही कंपन्यांची लेखी परवानगी घेतली, करासाठी ग्रीसमधला आणि भारतातला असे दोन सल्लागार आहेत, त्यांची फी हा बोटीच्या खर्चाचाच भाग धरा.

बोटीच्या कागदाचं: युरोपियन युनियनमध्ये व्हॅट भरल्याचा पुरावा असलेलीच बोट घ्या. बाहेरच्या बोटींना १८ महिने तात्पुरती सवलत असते पण ती युनियनबाहेर राहणाऱ्या लोकांसाठी, तुम्ही तिथले रहिवासी झालात की ती सवलत तुमची नाही. ग्रीसमध्ये ७ मीटरच्या वरच्या बोटीला लांबीप्रमाणे वेगळा करही आहे, ऑनलाइन भरता येतो. विमा कंपनी सर्व्हे, म्हणजे बोटीची तपासणी, मागते, आणि डोलकाठी धरणाऱ्या स्टीलच्या तारा दहा वर्षांच्या वर गेल्या असतील तर बदला म्हणते, तो खर्च किंमत ठरवतानाच धरा. वर्षाची देखभाल बोटीच्या किमतीच्या दहा टक्के हा जुना अंदाज आमच्या बाबतीत बऱ्यापैकी खरा निघाला.

निलेश_हिंजवडी

मग हेच कोकणात का नाही? मालवण, जयगड, हर्णै... व्हिसा नको, कर नको, मासे आपले. आपल्याकडे एवढा किनारा आहे आणि कुणीच का राहत नाही?

करंजेकर

निलेश भाऊ, मी सांगतो. पहिली गोष्ट पावसाळा. १ जून ते ३१ जुलै आमची मासेमारीच बंद, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतो मग निघतो, त्याच्या आधी बोटी वर काढलेल्या असतात. जूनमध्ये आमच्या खाडीच्या तोंडावरची लाट बघितलीत तर हा प्रश्न विचारणार नाही. दुसरी भरती-ओहोटी. मुंबईला मोठ्या उधाणाच्या भरतीत पाणी साडेचार मीटरच्या आसपास वरखाली होतं. ताईंच्या तिकडे किती?

शिडवाली

जेमतेम वीस-तीस सेंटीमीटर. आम्ही भरतीचं कोष्टक बघतच नाही.

करंजेकर

तेच! म्हणजे तुम्ही सकाळी जिथे नांगर टाकला तिथे रात्री तेवढंच पाणी. आमच्याकडे भांगाला (लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत) टाकला आणि उधाणाला विसरला तर ओहोटीला बोट चिखलात आडवी. शिडाच्या बोटीला खाली खोल कणा असतो तो तर पहिला टेकणार. खाड्या गाळाने भरल्यात, तोंडावर वाळूचा बांध. तिसरी गोष्ट जाळी. रायगडच्या पट्ट्यात डोलीची जाळी खुंटांवर बांधलेली असतात, रात्री दिवा नाही, ज्याला जागा माहीत त्यालाच माहीत. तुमच्या पंख्यात गेलं तर तुमची बोट गेली आणि आमचं वर्षाचं पोट पण गेलं. नोव्हेंबर ते मार्च मात्र आपला समुद्र सोन्यासारखा असतो हे मी ठामपणे सांगतो. सकाळी जमिनीवरून मतलई, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा, ताई सांगतात तसंच वेळापत्रक. तेवढ्या चार-पाच महिन्यांसाठी कुणी केलं तर होईल. पण बांधायला जागा, पाणी, डिझेल, शिडाच्या बोटीचं काम करणारा माणूस, हे कुठेय? मरिना म्हणावी अशी कोचीला आहे.

दिवाडी_पांथस्थ

गोव्यातून लिहितो. करंजेकर म्हणतात ते बरोबर, पण माणसं नाहीत असं म्हणू नका. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तसं करणारे पहिले भारतीय, आणि ती 'म्हादेई' आमच्या दिवाडी बेटावरच्या यार्डात बांधली. पुढे 'तारिणी'वरून नौदलाच्या सहा मुलींनी २०१७-१८ मध्ये केली, ती बोटही गोव्यातच बांधलेली. फायबरचं काम, डोलकाठी उभी करणं, हे करणारे हात मांडवीच्या काठी आहेत. गिऱ्हाईक नाही म्हणून बाकीचं उभं राहत नाही.

अजून एक, परदेशातून बोट घेऊन येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर बाळगता येत नाही. साधी हातातली ट्रॅकरची डबी असते तीसुद्धा. यायच्या आधी परवानगीचं बघा.

अपर्णा_म

करंजेकर, तुम्ही वेगळा धागा काढाच, नोव्हेंबर ते मार्च कोकण किनारा. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत)!

आणि शिडवाली, हिवाळ्यात काय करता? आणि आई-बाबा? हे विचारू का नको असं झालं होतं.

शिडवाली

विचार की. हिवाळ्यात आयोनियनला पाऊस भरपूर, दक्षिणेची वादळं, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च आम्ही मरिनात बांधलेले असतो, किनाऱ्याची वीज, बारीक हीटर आणि हवेतलं पाणी शोषणारं यंत्र दिवसरात्र चालू. दोन माणसं बंद बोटीत श्वास घेतात, चहा करतात, त्याचं पाणी गादीखाली आणि खिडक्यांवर जमतं, रोज पुसलं नाही तर आठवड्यात बुरशी. लॅपटॉपचे पोर्ट खाऱ्या हवेने आधीच गंजायला टेकलेले असतात. हे महिने मला आवडत नाहीत, नवऱ्याला आवडतात, तो इंजिन उघडून बसतो.

आई-बाबांचं म्हणशील तर, आम्ही बोट अशाच जागी ठेवतो जिथून एका दिवसात विमानतळ गाठता येतो. समोर प्रेवेझाजवळ आक्टिओला विमानतळ आहे आणि तिथेच बोटी जमिनीवर काढून ठेवणारे मोठे यार्ड आहेत. सासऱ्यांच्या ऑपरेशनला आम्ही फोन आल्यापासून दुसऱ्या दिवशी रात्री पुण्यात होतो, बोट ओळखीच्या शेजाऱ्यांच्या भरवशावर. लांब महासागर ओलांडायची हौस दोघांनाही आहे पण दोन्हीकडचे आई-बाबा सत्तरीच्या पुढे आहेत तोवर नाही, हे बोलून ठरवलंय. ही बाब मी नेट आणि सोलरच्या कितीतरी वर ठेवते.

निलेश_हिंजवडी

सगळं वाचून बायकोला धागा पाठवला. ती म्हणते आधी आठवडाभर करून बघू. तसं करता येतं का? आम्हाला दोघांनाही शिडाचं काही येत नाही.

शिडवाली

नक्की येतं. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लेफ्काडाहून बोट भाड्याने मिळते, उन्हाळ्यापेक्षा स्वस्त आणि पाणी अजून कोमट. तुम्हाला येत नाही म्हणजे स्किपर बरोबर घ्या, रोजावर मिळतो. लेफ्काडा शहराजवळ कालव्यावर तरंगता पूल आहे, बोटींसाठी ठरावीक वेळेला बाजूला सरकतो, उत्तरेकडे जायचं असेल तर ती वेळ बघूनच निघा. पण सुट्टी घेऊन जाऊ नका, निदान तीन दिवस पूर्ण काम करून बघा. त्यात एक दिवस मुद्दाम नांगरावर, बंदराच्या प्लगशिवाय. सकाळी दोघांचे कॉल एकाच वेळी ठेवा, कारण ३८ फुटी बोटीत दार लावलं तरी सगळं ऐकू येतं, एक जण आत टेबलावर आणि एक बाहेर सावलीत असं आम्ही बसतो. आणि स्किपरला सांगा की एका रात्री बारा आणि तीनला तुम्हालाच उठवायचं, नांगराची जागा तपासायला, आणि सकाळी साडेसातचा स्टँडअप त्या झोपेवर करून बघा. त्यानंतर दोघं बोलून ठरवा.

शिकायचं असेल तर ब्रिटनच्या आरवायए या संस्थेचे कोर्स आहेत, आधी कॉम्पिटंट क्रू, मग डे स्किपर, भूमध्य समुद्रातही शिकवणाऱ्या शाळा आहेत. बोटींवर बोलण्यासाठीच्या व्हीएचएफ रेडिओचं लायसन्स वेगळं घ्या. दोघांनीही शिका, फक्त एकाने नको. एक जण पाण्यात पडला तर दुसऱ्याला बोट वळवून परत आणता आली पाहिजे.

@करंजेकर दादा, तुमच्या धाग्याची मीही वाट बघतेय, बाबांना विचारून डोलीच्या जागा कशा ओळखायच्या ते जरूर लिहा. बॅटरीच्या वायरिंगचं चित्र तिघांनी मागितलंय, ते शनिवारी काढून इथेच टाकते, डीसी-टू-डीसी चार्जर आणि फ्यूज कुठे बसतात ते त्यात नीट दाखवते.